हॉवर्डला जाणारी सकाळची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

1930 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या एका तरुणाला वकील व्हायचं होतं. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ कॉलेज त्याच्याच शहरात होतं, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मग तो रोज आगगाडीने वॉशिंग्टनला जाऊ लागला, हॉवर्ड विद्यापीठात. त्याचं नाव थरगुड मार्शल.

दक्षिणेतल्या अनेक राज्यांत एकेकाळी गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. 1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि दोनच वर्षांत, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी, हॉवर्ड उभं राहिलं. फिस्क, मोरहाऊस, स्पेलमन, टस्कीगी ही कृष्णवर्णीयांची कॉलेजं सगळी त्याच काळातली. आज अशा संस्था शंभरच्या आसपास आहेत.

मार्शलना हॉवर्डमध्ये काय मिळालं? चार्ल्स ह्यूस्टन नावाचे शिक्षक मिळाले. स्वतः हार्वर्डमध्ये शिकलेले, शिस्तीचे अतिशय कडक. रात्री भरणारं लॉ कॉलेज त्यांनी पूर्णवेळ केलं, आणि गय कुणाचीच केली नाही. मला या कॉलेजांचं मोल इथे दिसतं. जिथे वर्गात आपल्यासारखे आपण एकटेच असतो, तिथे निम्मी ताकद आपण लायक आहोत हे पटवण्यातच जाते. हॉवर्डमध्ये तो प्रश्नच कुणी विचारत नव्हतं. विचारायचे ते एवढंच, की अभ्यास झाला का?

1933 मध्ये मार्शल वर्गात पहिले आले. पुढे तीन वर्षांच्या आत गुरू-शिष्यांनी मिळून त्याच मेरीलँड विद्यापीठाविरुद्ध खटला जिंकला आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तिथे प्रवेश मिळवून दिला. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा निकाल मिळवणारे वकीलही मार्शलच. 1967 मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

याच हॉवर्डमधले एक प्राध्यापक, बेंजामिन मेज, 1936-37 च्या हिवाळ्यात आपल्या वर्ध्याला आले होते. गांधीजींशी त्यांनी अहिंसेवर सविस्तर चर्चा केली. दुबळ्या माणसाला हे शस्त्र कसं पेलेल, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. 1940 मध्ये ते अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिथे दर आठवड्याला ते प्रार्थनागृहात मुलांशी बोलत. 1944 मध्ये त्या मुलांत पंधरा वर्षांचा एक मुलगा येऊन बसला, मार्टिन ल्यूथर किंग. भाषण संपल्यावरही तो मेज यांना गाठून वाद घालायचा, म्हणतात.

एप्रिल 1968 मध्ये किंग यांची हत्या झाली. अंत्ययात्रा मोरहाऊसच्याच आवारात येऊन थांबली, आणि निरोपाचे शब्द बोलायला उभे राहिले ते मेज.

नमस्कार.