फडाचं फळ झालं त्याची गोष्ट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'पदव्युत्तर अभ्यासक्रम ठरवतं कोण?' तो वाचून घरून प्रश्न आला, ऐकायला कोण येणार? तुम्ही आलात, आभार. पहिल्या दोन रांगांत निवृत्त प्राध्यापकच दिसतायत. म्हणजे ही मंडळी ऐकायला नाही, चुका काढायला आलीत.

आपल्या नाशिकची या बाबतीत गंमतच आहे. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याकडे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याकडे. एक गंगापूर धरणाच्या वाटेवर, दुसरं म्हसरूळला. अख्ख्या महाराष्ट्राचा कारभार इथून चालतो. आणि आपल्या कॉलेजांतली एम.ए., एम.कॉम.ची पोरं मात्र पुणे विद्यापीठाला जोडलेली. लग्न नाशकात, सासर पुण्यात. आता जी गोष्ट सांगणार आहे ती या तिन्हींपैकी कुठल्याही विद्यापीठाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी तिथे बाहेरचा तज्ज्ञ म्हणून जायचो. रात्रीच्या एसटीनं जावं लागायचं, एवढीच खूण देतो.

तर अभ्यास मंडळ, म्हणजे एकेका विषयाचा अभ्यासक्रम सुचवणारी विद्यापीठाची समिती, आपल्या भाषेत बीओएस. बैठक अकराची. साडेअकराला चहा, पावणेबाराला गणपूर्ती झाली का याची मोजदाद, मग मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. ते कुणी वाचलेलं नसतं, पण कायम होतं. मी भूगोलाचा माणूस. एम.ए.च्या जलसंपदेच्या पेपरात एक घटक घालावा असा माझा हट्ट होता: फड सिंचन. आपल्या बागलाणातलं, मोसम-आरमच्या काठचं, तिकडे पांझरेवरचं. नदीवर बंधारा घालायचा, पाटानं पाणी वळवायचं, भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे आणि कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक हे गावानं बसून ठरवायचं. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी झालं तर झळ सगळ्यांनाच. वाटपाला पाटकरी, राखणीला जागल्या. काही शतकं हे चाललं, आणि आमच्या पेपरात पाणीवाटपाची सगळी उदाहरणं परदेशातली.

पहिला आक्षेप आला, संदर्भग्रंथ कुठला? म्हटलं, अभ्यासक्रमात नाही म्हणून पुस्तक कुणी लिहीत नाही, आणि पुस्तक नाही म्हणून तुम्ही अभ्यासक्रमात घेत नाही. दुसरा आक्षेप आला तो मात्र खरा होता. हे घ्यायचं तर काढायचं काय? मी म्हटलं, नकाशा प्रक्षेपणांचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याचं, प्रात्यक्षिक निम्मं करा, आता ते काम संगणक करतो. सभागृह एकदम गप्प. शेजारचे सदस्य कानाशी लागले, "सर, त्या प्रात्यक्षिकावर आमच्या माणसाचा कार्यभार आहे."

इथे जरा थांबतो, कारण ही मेख बाहेरच्यांना माहीत नसते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. तास कमी पडले की पद अडचणीत. त्यामुळे अभ्यास मंडळात घटक क्रमांक तीनवर तात्त्विक वाद रंगला की मी मनातल्या मनात तास मोजायला लागतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. तुमच्या माझ्या पुतण्याची नोकरी त्या चार तासांवर असती तर आपणही प्रक्षेपणांची थोरवी गायलीच असती.

शेवटी तोडगा निघाला: काही काढायचं नाही, फडही घालायचा. मसुदा टंकलेखनाला गेला आणि परत आला तेव्हा फडाचं झालं होतं फळ. 'फळ सिंचन पद्धती: स्वरूप व वैशिष्ट्ये.' हा कागद अभ्यास मंडळातून विद्याशाखेत गेला, तिथून विद्या परिषदेत. तिन्ही ठिकाणी मंजूर. आमच्या मंडळाची प्रत माझ्याकडेही आली होती, मीही सही केली. (हशा) हसू नका, इतिवृत्त कायम झालेलं आहे.

परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न आला, फळ सिंचन पद्धतीची वैशिष्ट्ये लिहा. पोरांनी काय लिहावं? पिंपळगावची द्राक्षं, ठिबक, डाळिंबाचे खड्डे, एकानं तर शेततळ्याचं अस्तर किती जाडीचं घ्यावं हेसुद्धा. तपासणीला मीच होतो. सगळ्या गठ्ठ्यात एकच उत्तरपत्रिका अशी, की वर लिहिलंय, "प्रश्नात फळ असे छापले आहे, तेथे फड हवे असे समजून उत्तर लिहीत आहे. माझे आजोबा पाटकरी होते." पुढे तीन पानं, बंधाऱ्याच्या आकृतीसकट. दहापैकी नऊ दिले. एक मार्क कशाबद्दल कापला ते आज आठवत नाही. सवयीनं कापला असणार.

मी दुरुस्तीचं पत्र टाकलं. उत्तर आलं, "पुढील फेररचनेच्या वेळी विचार करण्यात येईल." एका अक्षरासाठी पुन्हा तीच तीन दारं चढायची होती. मधल्या काळात माझी मुदत संपली. फेररचना झाली तेव्हा तो घटकच उडाला. कारण काय दिलं होतं माहितीये? फळबागांचं सिंचन हा विषय कृषी शाखेकडे येतो! माझ्या पाहण्यात त्या मंडळानं काढून टाकलेला तो एकमेव घटक. प्रक्षेपणं सुखरूप होती.

चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं राहिली म्हणे. मूळ विषय अजून सुरूच झालेला नाही, तेव्हा आता पळतो.

२०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. विद्याशाखा चार: विज्ञान-तंत्रज्ञान, वाणिज्य-व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय. अभ्यास मंडळ सुचवतं, विद्याशाखा छाननी करते, शैक्षणिक धोरणाचा शेवटचा शब्द विद्या परिषदेचा, आणि पैसा, पदं, अध्यादेश व्यवस्थापन परिषदेकडे. म्हणजे विषय मंजूर करणारे वेगळे, त्याला माणूस देणारे वेगळे. मंजूर पण शिकवायला कुणी नाही, असे पेपर निघतात ते या फटीतून.

क्रेडिटचं, म्हणजे अभ्यास मोजायच्या मापाचं गणित: एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संशोधन पद्धती आली, ऑन जॉब ट्रेनिंग आलं, प्रकल्प आला. सगळं चांगलंच आहे, पण पुन्हा आलंच, गेलं काही नाही. पीएच.डी.चे नियम २०२२ला बदलले, एम.फिल. बंद झालं, मुदत तीन ते सहा वर्षं, संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला हजेरी. इथे निदान विद्यार्थ्याला 'काय केलंस' असं कुणीतरी ठरलेल्या वेळी विचारतं. अभ्यासक्रमाला कोण विचारतं?

माझं म्हणणं एवढंच, आणि हे मी वीस वर्षं सांगतोय, पाणी कमी असलं की फडवाले एखादा फड पडीक ठेवायचे. सगळ्यांचा तुकडा त्यात असल्यामुळे कुणा एकावर अन्याय नसे. तसा दर फेररचनेत एक घटक पडीक ठेवा आणि त्याचे तास सगळ्या शिक्षकांत मिळून सोसा. कार्यभाराची भीती गेली की प्रक्षेपणांबद्दल शांतपणे बोलता येईल. दुसरं, मसुदा मंजुरीआधी महिनाभर कॉलेजांच्या फलकावर लावा. फड आणि फळ यांतला फरक ओळखणारं एखादं पोर सटाण्याकडून निघेलच. तिसरा मुद्दा इतिवृत्त मराठीत असावं याबद्दलचा होता, त्याला अर्धा तास लागतो.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आलीये. यात फक्त 'चहा' लिहिलंय. बरं, मंडळी, प्रश्न चहाबरोबर विचारा. पहिल्या रांगेतल्या सरांचा हात मघापासून वर आहे, प्रक्षेपणं शिकवायचे ते.