काजूच्या बागेतला माकडताप

मंडळी, काजूचा हंगाम तोंडावर आलाय आणि समोर बागायतदार बरेच बसलेत, म्हणून आज थेट तुमच्याशीच बोलतो.

1957 साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने पडली. जंगलाचं नाव आजाराला मिळालं. आपण त्याला माकडताप म्हणतो. पुढे कितीतरी वर्षं तो आपल्याला कर्नाटकातला आजार म्हणूनच माहीत होता. 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आला, तेव्हा दोन्हीकडच्या रुग्णांमध्ये काजूच्या बागेत राबणारी माणसं होती. त्यामुळे मी याला नुसता जंगलातला ताप म्हणत नाही. हा कामावर होणारा आजार आहे.

तो देते गोचीड. गाईच्या कानाला लोंबते ती टपोरी गोचीड नव्हे. तिचं पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढं. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ही पिल्लं पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या पालापाचोळ्यात, फिरतात. नेमका तोच आपला बी गोळा करायचा काळ.

गेल्या फेब्रुवारीत एका बागेत गेलो होतो. एक बाई वाकून, उघड्या हातांनी पातेरा चाळत बी शोधत होती. बोंडू पिळायचा, बी पिशवीत टाकायची, पुन्हा हात पातेऱ्यात. दुपारी डबा खाऊन ती तिथेच, त्याच पातेऱ्यावर पदर पसरून आडवी झाली. तिला मी काय सांगणार, जपून काम करा म्हणून? बसायला दुसरी जागाच नव्हती. ती जागा करून देणं मालकाच्या हातात आहे.

म्हणून आधी जागेचं बघू. हंगाम सुरू होण्यापूर्वी, पावसाची ओल असतानाच, झाडाखालचा पातेरा आणि झुडपं काढून घ्या. सगळी बाग जमली नाही तर निदान पायवाटा आणि जेवायला बसायची जागा साफ करा, तिथे एखादा बाक नाहीतर खाट टाका. बागेत गुरं सोडू नका. गुरांना हा आजार होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि पुढची पिढी तुमच्या बागेत सोडतात. माकड मेलेलं दिसलं की तो भाग त्याच दिवशी कामासाठी बंद करा आणि आरोग्य केंद्राला कळवा. अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरून नवं अंग शोधतात. त्याला हात लावू नका, ओढून बांधावर तर अजिबात टाकू नका.

यानंतर तेल. डीएमपी किंवा डेपा हे गोचिडी दूर ठेवणारं तेल कामाला जाण्यापूर्वी हातापायांना लावायचं, घामाने निघालं की पुन्हा लावायचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, बूट. आपण तेलाची बाटली हातात दिली की जबाबदारी संपली असं समजतो, याचं मला फार वाईट वाटतं. उन्हात वाकलेल्या माणसाला दर थोड्या वेळाने तेल लावायची आठवण राहत नाही. साफ केलेली जागा मात्र दिवसभर साफच असते.

घरी गेल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ, कपडेही गरम पाण्यात. काखा, जांघा, कानामागे नीट बघायचं. गोचीड चिकटलेली असली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, नखाने चिरडणं, यातलं काही करायचं नाही.

चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम ताप भरतो, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. प्लेटलेट उतरतात, म्हणून डेंग्यू समजून दिवस जातात. माकडतापावर खास औषध नाही. वेळेवर दाखल होऊन मिळणारी शुश्रूषा हाच उपचार, आणि शंभरात तीन ते पाच जण तरीही दगावतात. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायला हवं: मी काजूच्या बागेत कामाला जाते. मनाने अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत. रुग्णाजवळ बसल्याने हा ताप लागत नाही, तेव्हा त्याला कुणी वाळीत टाकू नये.

आता रोजाचं बोलतो. ताप असूनही बाई बागेत येते, कारण त्या दिवसाचा रोज बुडतो. तपासणीला गेलेल्या दिवसाचा रोज द्यायचा, हे आजच या सभेत ठरवा. गोचिडीची पिल्लं मी एका बाटलीत आणली आहेत, टेबलावर भिंगही ठेवलंय. उठताना एकेकाने बघून जा.