खोताच्या वाडीतला बाहेरचा जिना

गिरगाव चर्चपाशी जगन्नाथ शंकरशेट रस्त्याची वर्दळ दिवसभर हटत नाही, आणि तिथून आत शिरणाऱ्या बोळाकडे लक्ष जावे असे बाहेरून काही दिसतही नाही. जवळच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चालत आलेला गणेशोत्सव पाहायला लोक आवर्जून येतात. त्यांच्यापैकी थोडेच इकडे वळतात. वळले, तर शंभरेक पावलांत गाड्यांचे भोंगे मागे पडतात आणि कौलारू, रंगीत घरे दोन्ही बाजूंनी इतकी जवळ येतात की समोरून दुचाकी आली की कुणाच्या तरी ओट्याला टेकून उभे राहावे लागते.

फणसवाडी, केळेवाडी ही आसपासची नावे झाडांची. ही वाडी मात्र मालकाच्या नावाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्यातुकड्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला, घरात मराठीचीच बोली बोलणारा हा समाज इथला मूळचा. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे इंग्रज सरकारला कळावे म्हणून १८८७ साली त्याने हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी स्वतःला पूर्वेचे म्हणवून घ्यावे, ही गंमत त्या काळालाच शोभते.

घरांच्या रंगांचे फोटो सगळेच काढतात. आमच्या मते पाहावा तो जिना. वरच्या खोलीकडे जाणारा लाकडी जिना इथे घराच्या पोटात नसतो, तो बाहेरच्या भिंतीला लागून चढतो, त्यामुळे आतली जागा वाचते आणि वरच्या माणसाचे येणे-जाणे साऱ्या बोळाला ठाऊक असते. मधोमध झिजलेल्या पायऱ्या, हाताने गुळगुळीत झालेला कठडा आणि खाली उघडा ओटा, एवढ्यात घर आणि रस्ता यांची हद्द पुसट होते.

एकेकाळी इथे ६५ घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. विखुरलेले वारस, लाकूडकामाच्या दुरुस्तीचा खर्च आणि शेजारच्या टॉवरांनी चढवलेला जमिनीचा भाव यांपुढे एकेक घर पडत गेले.

तरीही नाताळ जवळ आला की उरलेल्या ओट्यांवर कागदी चांदण्या लागतात, आणि संध्याकाळी त्यांचा उजेड बाहेरच्या जिन्यांवर पायरीपायरीने उतरतो.