घरंदाज उंबरठ्यावरचा पोलीस

व्हिक्टोरियन काळातील रहस्यमालिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बेकर स्ट्रीटवरचा तो तल्लख सद्गृहस्थ शेरलॉक होम्स उभा राहतो, ज्याला कोणत्याही दिवाणखान्यात मानाने बसवले जाते. मी आज बोलणार आहे ते ज्याच्या वाट्याला असा मान आला नाही त्या गुप्तहेराविषयी, म्हणजे आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने २०११ मध्ये दाखवलेल्या ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ या चित्रपटातील जॅक व्हिचरविषयी. पॅडी कॉन्सिडाइनने ही भूमिका कमालीच्या संयमाने केली आहे.

व्हिचर काल्पनिक नव्हे. लंडन पोलिसांनी १८४२ मध्ये स्थापन केलेल्या गुप्तहेर शाखेत सुरुवातीला अवघी आठ माणसे होती आणि माळ्याचा हा मुलगा त्यांपैकी एक होता. जून १८६० च्या अखेरीस विल्टशायरमधील रोड हिल हाऊस या घरातून सॅव्हिल केंट हा जेमतेम चार वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि नोकरांच्या शौचकूपात त्याचा मृतदेह सापडला. दारे आतून बंद होत असल्यामुळे संशय घरातल्या माणसांवरच जात होता. सॅव्हिलचे वडील सॅम्युअल केंट हे कारखान्यांचे सरकारी निरीक्षक होते आणि त्यांची दुसरी पत्नी ही पूर्वी त्याच घरात मुलांची शिक्षिका होती, त्यामुळे तपास म्हणजे आपोआपच त्या कुटुंबाच्या झाकल्या मुठीत डोकावणे ठरणार होते.

व्हिचरने बोट ठेवले ते धुण्यावर! पहिल्या पत्नीची सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स हिच्या झोपण्याच्या तीन झग्यांपैकी एक सापडत नव्हता. रक्ताचा झगा तिने नष्ट केला, मग मोलकरणीला पाणी आणायला पाठवून धुण्याच्या टोपलीतला स्वच्छ झगा परत काढून घेतला आणि त्यामुळे झगा हरवल्याचा आळ धोबिणीवर आला, असा त्याचा तर्क होता. मला या साऱ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण घरकामाचा हिशेब ठाऊक असलेल्या माणसालाच असे सुचू शकते. परंतु पुराव्याचा तो झगा हाती नव्हता, आणि एका सामान्य पोलिसाने सभ्य घरातील मुलीचे रात्रीचे कपडे मोजावेत, हीच गोष्ट लोकांना खुनापेक्षा अधिक असभ्य वाटली. कॉन्स्टन्स जामिनावर सुटली, व्हिचरच्या पदरी मात्र निंदा पडली आणि त्याची कारकीर्द जवळपास संपली.

पुढे १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून गुन्हा कबूल केला. तिची फाशी रद्द होऊन तिने वीस वर्षे तुरुंगवास भोगला. व्हिचर तोपर्यंत निवृत्त झाला होता.

या पात्रावर नंतर तीन चित्रपट आले आणि त्यांत खासगी तपास करणारा व्हिचर कल्पित गुन्ह्यांचा छडा लावतो. ते पाहण्याजोगे आहेत; पण तिथे खरा गुन्हेगार ओळखूनही हरलेला माणूस उरत नाही, म्हणून मला ते पहिल्याच्या तोडीचे वाटत नाहीत.