चारचौघांत बोलताना

श्रोतेहो, नमस्कार. सोसायटीची सभा असो की कुणाचा निरोप समारंभ, बोलायला आपलं नाव पुकारलं की घशाला कोरड पडते, हात गार पडतात. शरीर धोक्याच्या तयारीला लागतं, श्वास वरच्यावर होतो आणि आवाज बसतो. हे भल्याभल्यांचं होतं. 1896 सालची एक सभा सांगतो, ती मला फार आवडते.

26 सप्टेंबर. मुंबईत धोबी तलावाचं फ्रामजी कावसजी सभागृह. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय लोकांची दुःखं मांडायला 26 वर्षांचे मोहनदास गांधी आले होते. आदल्या दिवशी मुंबईचे मोठे पुढारी फिरोजशहा मेहतांनी विचारलं, भाषण तयार आहे ना? गांधी म्हणाले, आयत्या वेळी बोलेन. मेहता म्हणाले, मुंबईत ते चालायचं नाही. लिहून काढा आणि रातोरात छापून घ्या. भाषण छापलं गेलं.

सभागृह खच्चून भरलेलं. हातात छापील भाषण, तरी वाचताना गांधी थरथरू लागले. मेहता सांगतायत, मोठ्याने! आणखी मोठ्याने! ते जसजसं सांगतात, तसतसा यांचा आवाज खाली खाली. शेवटी मित्र केशवराव देशपांडे धावून आले, कागद त्यांनी घेतला. आवाज अगदी हवा तसा. पण लोक ऐकेनात. 'वाच्छा! वाच्छा!' असा एकच गलका. मग मुंबईचेच दुसरे पुढारी दिनशा वाच्छा उठले, तेच भाषण वाचू लागले आणि सभा चिडीचूप. जागच्या जागी टाळ्या, जागच्या जागी 'शेम, शेम'. भाषण मेहतांनाही आवडलं. आणि गांधीजी? त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की आपल्याला फार आनंद झाला.

बघा, आवाज गेला, पण मजकूर पक्का होता. म्हणून तो दुसऱ्याच्या तोंडूनही पोचला. मजकूर आधी पक्का करा. पुन्हा सांगतो, मजकूर आधी. आणि 'मोठ्याने बोल' म्हटल्याने भीती जात नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोर अडखळलं की खालून खुणा करणाऱ्या आईबाबांना हे मी कळकळीने सांगतो. गप्प बसा, त्याच्याकडे बघून हसा. वक्तृत्व स्पर्धांसाठी मोठ्यांनी लिहिलेलं भाषण हातवाऱ्यांसकट घोकून घेणंही आता थांबायला हवं. त्यात मूल बोलायला शिकत नाही, फक्त विसरायला घाबरतं.

तुमच्यासाठी एवढंच. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ, बाकीचे नुसते मुद्दे, ठळक अक्षरात, एकाच कागदावर. उभं राहिल्यावर आधी श्वास सावकाश सोडा, मग सुरुवात करा. ओळखीचा एखादा चेहरा शोधा आणि त्याच्याशी बोला. आणि आदल्या रात्री घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सगळं म्हणून दाखवा. मनातल्या मनात नाही, तोंडाने.