पाय धरणारी मॅट आणि आपली खो-खोची पोरं

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय आपल्या गोंडवाना विद्यापीठाच्या संघांबद्दल. 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांचं विद्यापीठ. पण पसारा केवढा! इकडे वरोरा, तिकडे कोरची, खाली पार सिरोंचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणाल तर वडसा. म्हणून मी नेहमी म्हणतो, एस.टी. नसती तर आपला एकही संघ उभा राहिला नसता. रात्री उशिरा मुलींना फाट्यावर न सोडता गावात नेऊन सोडणारे कंडक्टर मी पाहिलेत. त्यांचा सत्कार कुणी करत नाही. करायला हवा.

संघ कसा बनतो ते थोडक्यात सांगतो. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग निवड चाचणी, मग सराव शिबिर. त्यानंतर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठं येतात. खो-खो, कबड्डीसारख्या खेळांत विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. पहिले चार, लक्षात ठेवा. त्या चारांत यायचं म्हणजे मोठमोठ्या विद्यापीठांशी गाठ असते.

आता खो-खोच्या मुलींची गोष्ट सांगतो. संघ घेऊन मी परराज्यात गेलो होतो. बल्लारशाहून गाडी, आरक्षण अर्धंच पक्कं झालेलं, एका बर्थवर दोघी-दोघी. संध्याकाळी मैदानावर पोचलो आणि पाहतो तर मैदानावर मॅट अंथरलेली. आमच्या मुली मुरमावर आणि मातीवर वाढलेल्या. मॅट त्यांनी टीव्हीवर पाहिलेली, पायाखाली कधीच नाही.

सामना दुसऱ्या दिवशी सकाळी. आयोजकांना विनंती केली, त्यांनी दिवे जायच्या आत थोडा वेळ दिला. संघात भामरागडकडची एक मुलगी होती. बोलायची कमी, पळायची मात्र अशी की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. ती मॅटवर उतरली, खांबाजवळ हुलकावणी द्यायला गेली आणि गुडघ्यावर आपटली. उठली. पुन्हा तसंच. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, हे पाय धरते जी."

बघा, किती नेमकं बोलली! मातीवर वळताना पाऊल वीतभर घसरतं आणि त्या घसरण्यावरच पळतीचा सगळा हिशेब असतो. मॅटवर पाऊल जागच्या जागी थांबतं. पाय थांबतो, अंग पुढे जातं. मी काही सांगायच्या आत ती मॅटवर नुसती चालायला लागली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, सावकाश, प्रत्येक चौकोनापाशी थांबून वळत. बाकीच्या मुली जेवायला गेल्या तरी ही चालतेच आहे. शेवटी मला येऊन सांगते, "पाऊल लहान टाकाव लागते जी. अन् वळाच्या आधीच वळाव लागते."

जेवणाचं निघालंच आहे तर सांगतो, आमची मुलं भात खाणारी. स्पर्धेच्या गावी सकाळ-संध्याकाळ पोळ्याच मिळाल्या की तिसऱ्या दिवशी अंगात जीव राहत नाही. संघाबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकांनी तांदळाची पिशवी न्यावी, हे माझं ठाम मत आहे. त्या रात्री भात मिळाला.

सकाळी संरक्षणाला तिची तुकडी पहिली उतरली. सोबतच्या दोघी लवकर बाद झाल्या, पण ही बाद होईना. लहान पावलं, लवकर वळण. समोरची मुलगी सूर मारायची, मॅटवर कोपर सोलून घ्यायची आणि ही मधली रेषा ओलांडून पलीकडे. पळणारीला दिशा बदलता येते, पाठलाग करणारीला नाही, एवढ्या एका नियमावर तिनं त्यांची अख्खी फळी दमवली. आम्ही तो सामना एका गुणानं हरलो. पण सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या दोघी-तिघी तिच्याभोवती जमल्या आणि ते वळण कसं घ्यायचं ते मॅटवरच शिकून घेत होत्या. भाषा एकीलाही कळत नव्हती, सगळं पायांनीच चाललं होतं.

तर महाविद्यालयांना माझं सांगणं एकच. संघ पोचतो त्याहून आणखी एक दिवस आधी पोचवा. पुन्हा सांगतो, एक दिवस आधी. एका मुक्कामाचा खर्च वाढतो, मान्य. पण त्या मुलीला एका संध्याकाळीत जे उमगलं, ते दोन संध्याकाळी मिळाल्या असत्या तर बाराही जणींच्या पायात उतरलं असतं. जमेल तिथे सरावालाही मॅट मिळवा. तालुक्याला एक मॅट आळीपाळीनं फिरवली तरी चालेल. आणि मॅटवरचे बूट स्पर्धेच्या आदल्या दिवशी देऊ नका. नवे बूट पाय कापतात. शिबिराच्या पहिल्याच दिवशी द्या.

आणि मुलामुलींनो, निवड चाचणीच्या तारखा महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लागतात. आपल्या शारीरिक शिक्षण संचालकांना आत्ताच भेटून ठेवा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 25 वर्षांपर्यंत आहे, तेव्हा एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांनी आपलं वय गेलं असं समजू नये. येताना बारावीची गुणपत्रिका, महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि फोटो बरोबर ठेवा. लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच्या गाडीनं निघा.

नमस्कार.