पटावर नसलेली पोरं

(दृश्य : शिरोळ तालुका, पहाट. उसाच्या फडाकडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या.)

कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर जिल्ह्यात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. आई-बाप अंधारातच फडात गेलेत. कोपीत राहिलीय तेरा-चौदा वर्षांची पोरगी. चूल तिची, पाणी तिचं, कडेवरचं भावंडही तिचंच. पाठचा भाऊ वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या चाऱ्यासाठी विकायला गावात गेलाय. त्याच्या खिशात चार पैसे येतील, दोन ओळखी होतील. हिला कोपी सोडता येत नाही.

(दृश्य : चुलीवर भाकरी.)

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. याच वयात मुला-मुलींच्या वाटा कशा वेगळ्या होतात, हे बघणारा ‘गेज’ नावाचा मोठा अभ्यास इथिओपिया, जॉर्डन, बांगलादेश अशा देशांत झाला. तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हा गाठायची, आणि शाळा सुटलेली, लग्न झालेली, अपंग, निर्वासित मुलं मुद्दाम शोधायची, ही त्याची पद्धत. आपल्याकडं हेच करायला हवं. वर्गात बसून प्रश्नावली भरून घेतली, तर ही पोरगी त्यात येणार कुठून? पटावर नाव गावाकडच्या शाळेत, आणि ती इथं.

(दृश्य : मोळ्या बांधणारी जोडपी.)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आकडा मुलींचा, म्हणून चर्चाही मुलींचीच. पण टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. एकट्या गड्याला कोण विचारतो? मग एकविसाची वाट न बघता पोरालाही बोहल्यावर चढवतात. हे त्याला विचारल्याशिवाय कळायचं नाही.

(दृश्य : हेरवाड, ग्रामपंचायत.)

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनं तो राज्यभर नेला. ठराव करायची धमक इथं आहेच. फक्त टोळीला इथल्या ग्रामसभेत जागा नाही.

(दृश्य : टायरगाडी, उसाची रास.)

त्यामुळं अभ्यास करणाऱ्यानं दिवाळीनंतर फडात यायचं आणि पावसाळ्यात त्याच पोरांना गावाकडं गाठायचं. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, एवढंच विचारायचं. पोराला वेगळं, पोरीला वेगळं. आणि मुकादम आसपास नसताना.